वल्हेकरी आणि त्याचा आरसा

नदीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सर्व माणसांत शर्यतीचा वल्हेकरी तेवढा आपल्या मुक्कामाकडे पाठ करून बसतो. जेथें पोहोंचावयाचें तें त्यास दिसत नाहीं; जें मागें पडलें तेवढेंच डोळ्यांसमोर राहतें. त्याच्या वल्ह्याचें पातें त्याच्या बाजूस, हाताच्या मुठीपासून बरेंच दूर, पाण्यांत शिरतें व बाहेर येतें. तें पाहावयास वारंवार मान वळविली तर नावेचा तोल बिघडतो. स्वतःची पाठ, खांदे, गुडघे यांच्या हालचाली तर त्यास दिसणें शक्यच नाहीं. आपण काय करीत आहों हें त्याला केवळ अंगाच्या जाणिवेवरून ओळखावें लागतें, आणि अंगाची जाणीव ही मोठी लबाड साक्षीदार आहे. पाठ सरळ आहे असें वाटावें आणि ती वांकलेली असावी. पातें वेळेवर पाण्यांत गेलें असें वाटावें आणि तें क्षणभर हवेंतच रेंगाळलेलें असावें. हा अनुभव प्रत्येक शिकाऊ वल्हेकऱ्याचा आहे, आणि खरें सांगावयाचें तर आपणां सर्वांचाच आहे. आपलें अक्षर दुसऱ्यास लागत नाहीं हें स्वतःहून ओळखणारा मनुष्य आम्हीं तरी अद्याप पाहिलेला नाहीं.

तेव्हां वल्हेकऱ्यास त्याचें खरें रूप दाखविणारा आरसा कोणता? गेल्या अडीच हजार वर्षांत या प्रश्नास जीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं, त्यांचा थोडक्यांत इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. आजचे शास्त्रज्ञ ज्यास ‘प्रत्याभरण’ म्हणतात, त्यास येथें ‘उलट वर्दी’ असें साधें नांव देऊं. केलेल्या कृतीची बातमी करणाऱ्याकडे परत यावी, आणि त्या बातमीवरून त्यानें पुढची कृति सुधारावी, एवढाच तिचा अर्थ.

प्रथम या खटाटोपाची गरज काय तें पाहूं. आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यती नावेचें वजन आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें कमींत कमी ९६ किलो असावें लागतें, आणि एकट्याच्या नावेचें १४ किलो. म्हणजे नावेपेक्षां तींत बसलेलीं माणसें कित्येक पटींनीं जड. हीं माणसें सरकत्या बैठकीवर पुढेंमागें जातात तेव्हां नाव त्यांच्या उलट हिसके खाते. वल्हें पाण्यांत घातल्याबरोबरच्या क्षणीं तिचा वेग सर्वांत कमी असतो, आणि वल्हीं पाण्याबाहेर असून माणसें पुढच्या ओढीसाठीं सरकत असतात तेव्हां तो सर्वांत अधिक होतो. नवख्यास हें उफराटें वाटेल, पण तें खरें आहे. पाण्याचा रोध सुमारें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. यामुळें एकसारख्या चालीनें जाणाऱ्या नावेपेक्षां हिसके खात जाणाऱ्या नावेस त्याच सरासरी वेगासाठीं अधिक बळ खर्चावें लागतें. हा तोटा शेंकडा पांचाच्या आसपास धरतात. तो मुळींच नाहींसा करणें कोणास साधलेलें नाहीं. परंतु कुशल मंडळी तो कमी करतात, आणि अकुशल मंडळी घाम गाळून वाढवितात.

दुसरी अडचण वेळेची. मिनिटास छत्तीस ओढी घेतल्या तर एका ओढीस पावणेदोन सेकंदांहूनहि कमी अवधि मिळतो. तीरावरच्या शिक्षकानें चूक पाहून, समजून घेऊन, ती शब्दांत घालून हांक मारीपर्यंत दुसरी ओढ सुरू झालेली असते. ती हांक कोणत्या ओढीविषयीं होती हें ऐकणाऱ्यास उमगत नाहीं. उशिरां आलेल्या वर्दीच्या अवधींत चूक पुन्हां गिरविली जाते, आणि गिरविलेली चूक ही गिरविलेल्या अक्षरासारखीच पक्की होते.

प्राचीनांस ही अडचण ठाऊक होती. इ. स. पूर्वी पांचव्या शतकांतल्या अथेन्सच्या त्रिस्तरी युद्धनौकेंत एकावर एक अशा तीन रांगांत मिळून १७० वल्हेकरी बसत. वरच्या रांगेखेरीज इतरांस स्वतःचीं पातीं देखील दिसत नसत. त्यांना ठेका देण्यासाठीं एक हांकाऱ्या असे व त्याच्या साहाय्यास बासरीसारखें वाद्य वाजविणारा एक वादक असे. हा आवाज बंद पडला म्हणजे काय होतें, तें थुसिडिडीस या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. इ. स. पू. ४२९ सालीं करिंथच्या आखाताच्या मुखाशीं फॉर्मिओ या अथेनी सेनापतीच्या वीस नौकांची शत्रूच्या सत्तेचाळीस नौकांशीं गांठ पडली. शत्रूनें आपल्या नौकांचें, नाळी बाहेरच्या बाजूस करून, एक वर्तुळ केलें. फॉर्मिओ त्या वर्तुळाभोंवतीं अगदीं जवळून घिरट्या घालूं लागला, व पहांटेच्या वाऱ्याची वाट पाहत राहिला. वारा सुटतांच शत्रूच्या नौका एकमेकींवर आदळूं लागल्या. माणसें लांब काठ्यांनीं शेजारची नौका लोटूं लागलीं, एकमेकांस शिव्या देऊं लागलीं. आणि त्या कल्लोळांत सेनापतींचे हुकूम आणि हांकाऱ्यांचा ठेका दोन्ही ऐकूं येईनासे झाले. नवशिक्या वल्हेकऱ्यांस खवळलेल्या पाण्यांतून वल्हीं मोकळीं काढतां येईनात, त्यामुळें नौका सुकाणूस जुमानीनात. नेमक्या त्याच क्षणीं फॉर्मिओनें हल्ला चढविला व बारा नौका धरून नेल्या. संख्येनें दुपटीहून मोठें असलेलें आरमार येथें ठेका तुटल्यामुळें हरलें.

रोमन लोकांची गोष्ट याहून मौजेची आहे. कार्थेजशीं समुद्रावर लढण्याचा प्रसंग आला तेव्हां त्यांच्यापाशीं नौका नव्हत्या आणि वल्हेकरीहि नव्हते. नौका बांधल्या जात असतांनाच, इ. स. पू. २६० च्या सुमारास, त्यांनीं किनाऱ्यावर जमिनीवरच बांकें मांडलीं, नौकेंतल्या क्रमानें माणसें त्यांवर बसविलीं, मध्यें हांकाऱ्या उभा केला, आणि सर्वांनीं एकदम मागें रेलून हात आपल्याकडे ओढावयाचे व एकदम पुढें झुकून हात दूर न्यावयाचे, असा सराव करविला. हें वर्णन पॉलिबियसनें दिलें आहे. त्याच वर्षीं मायलीच्या लढाईंत रोमनांस जय मिळाला. मात्र त्याचें बरेंचसें श्रेय शत्रूच्या नौकेवर टाकावयाच्या त्यांच्या पुलास आहे, हें विसरतां कामा नये. जमिनीवरच्या बांकानें माणसांस एकसूत्रीपणा शिकविला, परंतु पाणी शिकविलें नाहीं. जमीन वल्हेकऱ्यास उत्तर देत नाहीं. पाण्यांत केलेली चूक पाणी तत्काळ दाखवितें. हवेंत केलेली चूक हवेंतच विरून जाते.

आमच्या कोंकणकिनाऱ्यासहि ही विद्या परकी नव्हती. आंगऱ्यांच्या आरमारांतलीं गलबतें वारा पडला म्हणजे वल्ह्यांवर चालत. त्यांस चाळीस-पन्नास वल्हीं असत व तीं ताशीं चार मैल चालवितां येत, असें अठराव्या शतकांतल्या ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें नमूद केलें आहे. इतकीं वल्हीं एका वेळीं पाण्यांत पडावयाचीं तर तेथेंहि हांक आणि ठेका यांवांचून गत्यंतर नव्हतें.

परंतु अथेन्स काय, रोम काय आणि कुलाबा काय, येथवरचा सर्व कारभार हा हुकुमाचा झाला, वर्दीचा नव्हे. हांकाऱ्या ‘आतां ओढ’ एवढें सांगे. ‘तूं आतां जें ओढलेंस तें कसें होतें’ हें सांगणारा कोणी नव्हता. हा दुसरा प्रश्न मनावर घेतला तो एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रजांनीं.

इंग्लंडांत वल्हवणें हा आधीं पोटाचा धंदा होता. थेम्स नदीवरच्या तरुण नावाड्यांसाठीं थॉमस डॉगेट या नटानें १७१५ सालीं सुरू केलेली शर्यत अद्याप चालू आहे. पुढें विद्यार्थ्यांनीं तो खेळ केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत १८२९ सालीं हेन्ली येथें झाली. शिक्षक नदीकांठानें घोड्यावरून नावेच्या बरोबर जात व कर्णा तोंडास लावून सूचना देत. सरकती बैठक १८७० नंतरच्या दशकांत रूढ झाली, आणि वल्हवण्याच्या ‘शुद्ध’ पद्धतीविषयीं मोठें शास्त्रार्थाचें रान माजलें. पाठ किती कलावी, कोपर कोठें असावें, मान कशी धरावी, याचे नियम झाले. आणि घोड्यावरचा शिक्षक प्रत्येकाच्या देहाची ठेवण पाहून त्या नियमांप्रमाणें ओरडूं लागला.

या पंथाविरुद्ध बंड केलें तें स्टीव्ह फेअरबेर्न या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें. १८६२ त जन्मलेला हा वल्हेकरी केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत शिकला व पुढें तेथेंच शिक्षक म्हणून गाजला. लंडनास थेम्सवर १९२६ सालीं सुरू झालेली ‘हेड ऑफ द रिव्हर’ ही लांब पल्ल्याची शर्यत त्याचीच. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, देहाची ठेवण पाहत बसूं नका. पात्यानें पाणी कसें धरलें व नाव कशी चालली इकडे लक्ष द्या, म्हणजे देह आपली ठेवण आपण शोधील. आणि तें लक्ष डोळ्यांनीं नव्हे तर कानांनीं द्यावयाचें. ओढ नीट बसली म्हणजे वल्हें ज्या आधारांत फिरतें तेथें घंटेसारखा एक नाद निघतो. तो नाद ऐका, असें तो शिष्यांस सांगे. कोणत्याहि यंत्रावांचून, ओढ चालू असतांनाच येणारी ही उलट वर्दी होती. शुद्ध पद्धतीच्या अभिमान्यांनीं त्याची पुष्कळ टर उडविली. तो वाद १९३८ सालीं तो वारला तेव्हांहि मिटलेला नव्हता.

कानाची महती सांगणारी आणखी एक गोष्ट १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांतली आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची आठ जणांची नाव शेवटच्या टप्प्यांत शिरली तेव्हां प्रेक्षकांच्या गर्जनेंत रॉबर्ट मॉक या कर्णधाराचे शब्द वल्हेकऱ्यांस ऐकूं येईनात. त्यानें सुकाणूच्या दोरीच्या लाकडी मुठी नावेच्या अंगावर आपटून ठेका धरला. शब्द पोहोंचला नाहीं, पण लाकडांतून कंप पोहोंचला. अमेरिकेस ६ मिनिटें २५.४ सेकंद लागले, इटलीस ६ मिनिटें २६ सेकंद, आणि जर्मनीस ६ मिनिटें २६.४ सेकंद. तीन नावा एका सेकंदाच्या आंत!

कानाच्या या परंपरेशेजारींच यंत्राची परंपरा वाढत होती. जेम्स वॉटच्या कारखान्यांत वाफेच्या दाबाची रेघ कागदावर उमटविणारें ‘दर्शक’ यंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालें होतें. त्याच नांवाचें, पण वल्ह्यासाठीं केलेलें एक यंत्र ॲटकिन्सन नांवाच्या संशोधकानें १८९६ सालीं प्रसिद्ध केलें. वल्हें कोणत्या कोनांत असतांना त्यावर किती जोर पडला, याची वक्ररेषा तें काढी. वल्हेकऱ्याची ओढ त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुढें कागदावर आली. ‘मी जोरानें ओढलें’ आणि ‘रेघ येथें खालीं आहे’ यांत आतां वादास जागा उरली नाहीं. मात्र कागदावरची रेघ पाहावयाची तर ओढ आधीं संपलेली असावी लागे.

उलट वर्दीचें शास्त्र म्हणून जें पुढें उभें राहिलें, त्याचें नांवच नावेवरून पडलें आहे, ही गोष्ट कित्येकांस ठाऊक नसेल. अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यानें १९४८ सालीं आपल्या ग्रंथास ‘सायबरनेटिक्स’ हें नांव दिलें, तें कर्णधार या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वाफेच्या यंत्राचा वेग आपोआप आवरणाऱ्या साधनास इंग्रजींत जो ‘गव्हर्नर’ शब्द आहे, तोहि त्याच ग्रीक शब्दाचा लॅटिनमार्गें आलेला अपभ्रंश. कर्णधार नावेचें तोंड किती वळलें तें पाहतो आणि तेवढ्यावरून सुकाणू फिरवितो; सर्व उलट वर्दीचा मासला तोच.

यानंतरचा प्रवास वेगाचा झाला. रोमनांचीं किनाऱ्यावरचीं बांकें नव्या रूपानें परत आलीं. अमेरिकेंतल्या व्हर्माँट संस्थानांत डिक व पीटर ड्रायसिगेकर या वल्हेकरी बंधूंनीं १९८१ सालीं सायकलच्या चाकाचें वल्हवण्याचें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर प्रत्येक ओढीबरोबर वेगाचा आंकडा समोर झळकूं लागला. रोमन बांक मुकें होतें, हें बोलूं लागलें. तरी पाण्याचें उत्तर याच्यापाशींहि नाहींच. पुढें नावेंतल्या वल्ह्याच्या आधारावरच जोर व कोन मोजणारीं विद्युत्-साधनें बसलीं, आणि ॲटकिन्सनची वक्ररेषा ओढ चालू असतांनाच वल्हेकऱ्याच्या पायांपुढच्या पडद्यावर दिसूं लागली. हाम्बुर्ग येथील नीना शाफर्ट व क्लाउस माटेस या संशोधकांनीं तर नावेच्या वेगांतल्या चढउतारांचा स्वर बनविला: वेग वाढूं लागला कीं सूर चढावा, मंदावूं लागला कीं उतरावा. हा स्वर कानीं पडत असतांना नावेची सरासरी गति वाढलेली त्यांस आढळली. घोड्यावरच्या शिक्षकास जें साधलें नव्हतें तें येथें साधलें. वर्दी ज्या ओढीची, त्याच ओढींत पोहोंचूं लागली.

वाचकांस वाटेल कीं आरशाचा शोध येथें संपला. तसें झालें नाहीं. खरा प्रश्न येथेंच सुरू होतो.

वर्दीवांचून सराव व्यर्थ, हें मानसशास्त्रज्ञांनीं फार पूर्वीं दाखविलें होतें. थॉर्नडाइक यानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांस डोळे मिटून ठराविक लांबीच्या रेघा ओढावयास लावलें. बरोबर कीं चूक हें न सांगतां शेंकडों रेघा ओढविल्या तरी सुधारणा होईना. तें सांगूं लागतांच हात सुधारूं लागला. यावरून कोणीहि म्हणेल कीं, वर्दी जितकी अधिक व जितकी तत्काळ तितकें शिक्षण चांगलें. परंतु १९८४ सालीं सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर या तिघांनीं तोंवरचे प्रयोग तपासून एक इशारा दिला. वर्दी चालू असतांना कर्तबगारी वाढलेली दिसते. ती बंद केली कीं मिळविलेलें पुष्कळसें निसटतें, कारण शिकणारा त्या वर्दीवरच भार टाकावयास शिकलेला असतो. १९९० सालीं विन्स्टाइन व श्मिट यांनीं दाखविलें कीं, प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्या मंडळींपेक्षां सुमारें निम्म्याच प्रयत्नांनंतर सांगितलेल्या मंडळींस ती हालचाल पुढें अधिक चांगली आठवते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठांत तर प्रत्यक्ष वल्हवण्याचीच परीक्षा झाली. तेथें एका खोलींत नाव ठेवून, भोंवतीं पडदे, ध्वनि आणि वल्ह्यास पाण्यासारखा रोध देणारी योजना अशी कृत्रिम नदीच उभारली होती. तेथील सिग्रिस्ट प्रभृति संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, वल्ह्याची गुंतागुंतीची हालचाल चालू असतांना चित्रानें, स्वरानें किंवा स्पर्शानें दिलेल्या वर्दीपेक्षां, हालचाल संपल्यावर दिलेली वर्दीच शिकण्यास अधिक उपयोगी ठरली.

म्हणजे ॲटकिन्सनच्या ज्या रेघेस आम्हीं उशिरां येणारी म्हणून कमी लेखलें, तिच्या उशीरपणांतहि एक गुण होता तर. ओढ संपल्यावर रेघ पाहणाऱ्यास आधीं स्वतःशीं अंदाज बांधावा लागे, आणि मग तो अंदाज रेघेशीं ताडून पाहावा लागे. या ताडण्यांतच शिक्षण आहे. पडद्यावर सतत नजर ठेवणारा वल्हेकरी अंदाज बांधावयाचें सोडून देतो. त्याचें अंग गप्प बसतें आणि पडदा बोलत राहतो. शर्यतीच्या दिवशीं मात्र तीरावरून विद्युत्-साधनांनीं नावेंतल्या मंडळींस सूचना करण्यास आंतरराष्ट्रीय नियमांचा मज्जाव आहे. त्या दिवशीं ज्याचें अंग बोलावयास शिकलें नाहीं, त्याला कोण सांगणार?

फेअरबेर्नलाहि येथें न्याय मिळतो. गाब्रिएले वुल्फ व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बर्फावर घसरण्याच्या नकली यंत्रावर कांहींचें लक्ष स्वतःच्या पायांकडे लावलें व कांहींचें पायांखालच्या चाकांकडे. दुसरी मंडळी अधिक चांगली शिकली. देहाकडे नव्हे, देहाच्या कृतीच्या परिणामाकडे लक्ष द्या, हें त्या ऑस्ट्रेलियन गुरूचें सूत्र साठ वर्षांनीं प्रयोगशाळेंतून परत आलें. हाम्बुर्गचा स्वरहि देहाविषयीं कांहीं सांगत नाहीं. तो नाव कशी चालली आहे एवढेंच सांगतो. आमच्या मतें त्याचें बळ यांतच आहे. नावेचा जो मूळचा आवाज नवशिक्याच्या कानांस लागत नाहीं, तो त्यानें मोठा करून ऐकविला.

हा विषय आम्हां महाराष्ट्रीयांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या नावा मुळा-मुठेच्या संगमाजवळ पिढ्यान् पिढ्या फिरत आल्या आहेत, आणि दापोडीस लष्करानें वल्हेकऱ्यांसाठीं शिक्षणकेंद्र चालविलें आहे. नाशिक जिल्ह्यांतल्या चांदवड तालुक्याचा, पाण्याच्या टंचाईच्या मुलखांतला दत्तू भोकनळ हा तरुण सैन्यांत शिरला, तेथें वल्हें हातीं धरलें, आणि २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकांत एकट्याच्या नावेच्या शर्यतींत तेरावा आला. दोन वर्षांनीं जाकार्त्याच्या आशियाई सामन्यांत प्रकृति बिघडलेली असल्यामुळें एकट्याच्या शर्यतींत तो मागें पडला. पण दुसऱ्याच दिवशीं स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासह चौघांच्या नावेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. ज्याच्या मुलखांत विहिरीस पाणी लागणें हाच मोठा दिवस, त्यानें पाण्याशीं बोलावयास शिकावें, यावरून ही विद्या जन्मानें नव्हे तर वर्दी नीट घेण्यानें येते असेंच आम्ही समजतों.

आमच्याकडे गाणें शिकणाऱ्या मुलाच्या मागें तंबोरा लावून ठेवतात. तंबोरा ‘चुकलास’ असें कधींच म्हणत नाहीं. तो आपला षड्ज धरून राहतो. बेसूर झालेल्यास आपला बेसूर त्याच्याशीं ताडून स्वतःच ओळखावा लागतो. गुरुजी मधून मधून तोंडानें सांगतात, आणि पुष्कळदां कांहींच सांगत नाहींत. त्यांच्या या न सांगण्यास आम्ही लहानपणीं दुर्लक्ष समजत असूं. आज घरोघरीं मुलांच्या अभ्यासावर आईबाप डोळ्यांत तेल घालून बसलेले दिसतात. गणिताची पायरी चुकते न चुकते तोंच ती दुरुस्त होते, आणि वही निर्दोष राहते. परीक्षेच्या दालनांत तीच पायरी चुकते तेव्हां सर्वांस आश्चर्य वाटतें. अशा घरांत एवढेंच करून पाहावें: गणित पुरें होईपर्यंत थांबावें, उत्तर बरोबर आहे कीं चूक हें आधीं मुलालाच विचारावें, आणि मग वही उघडावी.